पाद्रीबाबांनी घातलेली पकड
कापलेल्या भाताच्या खाचराचा वास आला की स्वातंत्र्याआधीचा आमच्या गावचा, शेणव्याचा हुतूतू आठवतो. मिशनचे पाद्रीबाबा आम्हा पोरांना खेळवायचे आणि शेवटी येशूची गोष्ट सांगायचे. मी चढाईला गेलो की समोरची पोरं अंग चोरून मागे सरायची, कारण गावात आमच्या घराचा विटाळ मानत. मला कोणी धरतच नसे, म्हणून मी बाद होत नसे. जिंकूनही रडू यायचं. एकदा बाबा स्वतःच समोरच्या बाजूला उभे राहिले आणि माझी कंबर धरून ओरडले, "बघता काय? धरा रे याला!" एकाने भीतभीत पाय धरला, मग सगळेच अंगावर कोसळले. "आता नाय सुटायचास!" कोणीतरी हसत ओरडलं. दम सुटला, मी पहिल्यांदा बाद झालो आणि पोटभर हसलो. त्या संध्याकाळी बाबांनी कोणती गोष्ट सांगितली, ते आज आठवत नाही. मला ती आधीच कळली होती.