पारूकाकूचा पापड आणि माझं मायनिंग

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त मधे हसू नका. शेवटी हसा, तिथं सगळेच हसतात, मी आता सवयीनं हसतो.

तर मी नांदेडजवळ विष्णुपुरीला चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि धंदा काढला मायनिंगचा. कोळशाचा न्हाई हो, क्रिप्टोचा. म्हणजे काय? बुटाच्या खोक्याहून जरा मोठा लोखंडी डबा असतो. पुढून पंखा, मागून पंखा. आत रात्रंदिवस कसली तरी गणितं सुटत राहतात आणि त्याबदल्यात मोबाईलमध्ये चिमूटभर कॉइन पडतं. मलाबी एवढंच कळतं. पण डबा दोन कामं पक्की करतो. बोंबलतो आणि तापतो. पाच डबे एका खोलीत लावा, लातूरच्या मे महिन्यात बाहेर आलात तर स्वेटर मागाल!

खोली मिळाली लातूरला, शकूमावशीच्या घराच्या वर. तिथं पूर्वी क्लास चालायचा. फळ्यावर अजून 'उष्णता : महत्त्वाचे प्रश्न' असं लिहिलेलं, भिंतीवर 'शांतता राखा'. पाच सेकंडहँड मशिनं तिथं ठेवायची ठरली. राहिला पैसा.

मावशी बचत गटाची अध्यक्ष. गट करतो पापड, कुरडया, शेवया, खारोड्या. मावशी म्हणाली, "गटासमोर सांग नीट. बायांना पटलं तर देतील."

मी सांगितलं. लॅपटॉपवर चित्रं दाखवली. समजावं म्हणून लाडवाचं उदाहरण दिलं: एक लाडू हजार जणींनी मोजला, तर तो कोण चोरंल? मग पारूकाकूनं हात वर केला. पारूकाकू म्हणजे गटाची खरी मालकीण, मावशी नावाला. माल तिच्या हातून पास झाल्याशिवाय पिशवीत जात न्हाई. पापड कानाजवळ धरून मोडती. 'कट्' वाजला तर पास. वाकला तर परत.

"लेकरा," पारूकाकू म्हणाली, "हे मशीन लई गरम होतंय का रं?"

मी मनात म्हणालो, काय टेक्निकल प्रश्न विचारला बाईनं! "लई काकू. चोवीस तास."

"पावसाळ्यातबी?"

"पावसाळ्यातबी."

काकूनं मावशीकडं बघितलं. मावशीनं काकूकडं बघितलं. पैसे मंजूर.

मी त्या दिवशी भोकरला आईला फोन करून सांगितलं, मराठवाड्यातली बाई आता ब्लॉकचेन समजून राहिली.

मशिनं सुरू झाली. मी रोज संध्याकाळी गटाच्या ग्रुपवर कॉइनचा भाव टाकायचो, इंग्रजीत, आकड्यासकट. लगेच सगळ्यांचे हात जोडलेले यायचे. एवढा विश्वास! विजेचं बिल वजा जाता काय उरतं ते मी मोजत नव्हतो, उगा मन खट्टू होतं.

दुसऱ्याच आठवड्यात आषाढाची झड लागली. पारूकाकू चार परातींसह वर आली. "जरा वाळवण ठिवते रं मशिनीच्या म्होरं."

मी म्हणालो, ठेवा की. गुंतवणूकदार हायेत, त्यांना धंदा आपला वाटला पाहिजे. मग परातीच्या चाळीस झाल्या. जमिनीवर प्लास्टिक, त्यावर कुरडया. फळ्याच्या खिळ्याला मिरच्यांची माळ. मशिनीच्या मागं खारोड्या, मशिनीच्या पुढं पापड. मी मधून उड्या मारत भाव बघायचो.

आता इथं इंजिनिअरला एक गोष्ट कळायला पाहिजे होती. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. मग पुढचा काय करतो? आत ओढतो. आणि पापडाला काय लावलेलं असतं? पिठी!

पहिलं मशीन गेलं सोमवारी. मला वाटलं, व्होल्टेज. दुसरं गेलं, मला वाटलं, ओल. तिसरं आणि चौथं जोडीनं गेलं. पाचवं बिचारं एकटं राहिलं, तेबी दुपारी खोकून बंद पडलं. खोलीत इतकी शांतता झाली की भिंतीवरची पाटी पहिल्यांदा खरी वाटली.

आणि मी आधी दाराला आतून कडी लावली. कारण पैसे देताना मावशी गटासमोर बोलली होती, "माझ्या बहिणीचं लेकरू हाय. ह्यात काय खोटं निघालं तर मी अध्यक्षपद सोडते, तोंड दाखवत न्हाई." मावशीनं गट शून्यातून उभा केला होता. तिला काय सांगू? पाची मशिनं मेली?

मी दारावर 'सर्व्हिसिंग चालू आहे' असा कागद लावला. डब्यातले बोर्ड काढले, पोत्यात भरले आणि नांदेडची बस धरली.

नांदेडला सलीमभाई. तीन पिढ्यांचं रिपेअरीचं दुकान, आजोबा घड्याळं, बाप रेडिओ, हा बोर्ड. त्यानं पहिला बोर्ड उजेडात धरला. ब्रशनं झाडला. चिमट्यानं काहीतरी उचललं, वास घेतला, जिभेवर ठेवलं.

"इंजिनिअर साब, ये क्या है मालूम?"

"कार्बन?"

"जीरा."

मीबी जिभेवर ठेवून बघितलं. जिरंच.

दुसरा बोर्ड झाडला. "इसमें तीळ है." तिसरा झाडला. "भाऊ, मशीनला फोडणी कुणी दिली?"

"दुरुस्त होतील का?"

"हौ, होतेत. पन टाइम लगता. धुवायला लागतंय, सुकवायला लागतंय." मग म्हणाला, "पावसाचं सुकवायचाच वांदा है. तुमच्याकडं कायतरी गरम जागा आसंल ना?"

मी म्हणालो, होती.

तिथून सरळ भोकर. माझा दोस्त विठ्ठल, त्याची पोल्ट्री. त्याचा माल नुकताच गेला होता, शेड रिकामं. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचे हीटर कोपऱ्यात पडलेले.

"कशाला पायजेत?" विठ्ठल म्हणाला.

"गुंतवणूकदारांना."

"थंडी वाजून राहिली का त्यांना?"

"वाजू नये म्हणून."

लातूरला येऊन रिकाम्या डब्यांमागं हीटर लावले. डब्यांचे पंखे वेगळ्या अडॅप्टरवर फिरवले, म्हणजे बोंब पहिल्यासारखी. डब्यातून हिरवा दिवा लुकलुकला पाहिजे, म्हणून गणपतीच्या डेकोरेशनची माळ आत कोंबली. खरं सांगू? मूळ मशिनीपेक्षा देखणी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पारूकाकू आली. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून कपाळाला आठ्या घालून बसलो. काकूनं सकाळीच मांडलेला पापड संध्याकाळी उचलला. कानाजवळ धरला.

कट्!

खोलीत पंखे एवढे बोंबलत होते, तरी मला ऐकू आला.

"आगं बया," काकू म्हणाली, "दोन दिस लागायचे, आज सांजच्यालाच? लेकरा, सर्व्हिसिंग लई ग्वाड केली बग!"

"जरा ट्युनिंग केलं काकू."

"आसंच ठिव. हात लावू नको."

झालं! बातमी पसरली. औशाच्या गटाच्या बाया रिक्षा करून बघायला आल्या. पारूकाकूनं डब्यांकडं हात करून सांगितलं, "आमच्या गज्याची मशिनं." बाया लांबूनच पाया पडल्या. एकजण म्हणाली, "आमचेबी पैशे घ्या."

मी म्हणालो, "नको."

"घ्या की वो."

"खरंच नको."

तुम्हाला सांगतो, माणूस पैसे नको म्हणाला की त्याच्यावरचा विश्वास दुप्पट होतो. बाई मागं फिरून दुसरीला म्हणाली, "बघ, कसं सज्जन पोरगं हाय." आणि मी तिथं कोंबडीचे हीटर झाकून उभा!

ग्रुपवर मी रोज लिहायचो, 'आज आपल्याकडे व्यवहार शांत.' खोटं न्हाई ना? सगळ्यांचे हात जोडलेले.

मावशी तर रस्त्यानं ताठ चालायला लागली. मला रोज तूप वाढायची. ते तूप घशाखाली जाता जात नव्हतं. जायचं, पण हळू.

शेवटी सलीमभाईचा फोन आला. "पाचो चकाचक." मी पहाटेच्या बसनं गेलो, दुपारी आलो. हीटर काढले, गणपतीची माळ काढली, बोर्ड बसवले, बटण दाबलं. पाची सुरू! मोबाईलमध्ये कॉइन पडायला लागलं. खरं कॉइन! शहाणपण म्हणून ह्या वेळी परातीबी सगळ्या मशिनीच्या मागंच ठेवल्या, पुढं एक न्हाई. मी एकटाच खोलीत नाचलो. पाप फिटलं, मावशी वाचली, कुणाला काय कळलं न्हाई. आता आपण एकदम सरळ माणूस.

संध्याकाळी पारूकाकूनं पापड उचलला. कानाजवळ धरला. वाकवला.

वाकला.

अजून वाकवला. अजून वाकला. पार गोल झाला, पण मोडला न्हाई. काकूनं तो परत परातीत ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मशीन बिघाडलंय," ती म्हणाली.

"न्हाई काकू, आजच तर..."

"मला नको शिकवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. त्याच खोलीत. सगळा गट, औशाच्या दोघी, मधे मावशी. मावशीचा चेहरा उतरलेला. पारूकाकूच्या हातात तोच पापड.

"गज्या," मावशी म्हणाली, "खरं सांग. मशिनं चालू हायेत का बंद?"

"मावशी, शप्पथ! पाचीच्या पाची चालू हायेत! हे बघ, मोबाईलमध्ये बघ!"

पारूकाकूनं मोबाईल बाजूला सारला आणि पापड माझ्या तळहातावर ठेवला. तो तिथंच घडी घालून बसला. "मंग हे काय हाय?"

"आमचा इस्वास उडाला बाई," मागून एकजण बोलली.

मावशी उठून उभी राहिली. "मी शब्द दिला होता. अध्यक्षपद..."

"थांब मावशी!" मी ओरडलो. आता विचार करा, माझी काय गत झाली असंल! तीन आठवडे सगळं बंद होतं, तेव्हा ह्या पाया पडून राहिल्या होत्या. आज सगळं चालू हाय, तर मावशीची खुर्ची चालली! ओकलो सगळं. जिरं, तीळ, नांदेड, भोकर, कोंबडीची पिल्लं, गणपतीची माळ. "तुमचे पापड कट् वाजून राहिले होते तेव्हा मशिनं मेलेली होती! आज जिवंत हायेत!"

शांतता राखा.

मला वाटलं, आता चपला. मी दाराकडं सरकलो.

"म्हंजे," पारूकाकू सावकाश म्हणाली, "पिल्लाचं मशीन चांगलं हाय."

"अं?"

"ते कितीला पडतंय?"

मी सांगितलं. पाची हीटर मिळून एका डब्याच्या चतकोरातबी येतात.

बायांनी बोटांवर हिशोब केला.

"मंग लेकरा," काकू म्हणाली, "येवढ्यात काम हुतंय, तर हे म्हागाचं वाळवणाचं मशीन कशाला घ्यायला लावलंस आमाला?"

"वाळवणाचं? काकू, कॉइनसाठी घेतलं ना!"

"कसलं काइन?"

मी मावशीकडं बघितलं. मावशी फळ्याकडं बघत होती.

"मी सांगितलं होतं ना! लाडवाचं उदाहरण!"

"ते व्हय?" एकजण म्हणाली. "मला वाटलं लाडवाची आर्डर आलीया. मी डाळबी निवडून ठिवली."

"आणि मी रोज भाव टाकायचो ते? तुम्ही हात जोडायच्या!"

"आरं, तू रोज सांजच्याला कायतरी इंग्रजीत धाडायचास," पारूकाकू म्हणाली. "आमाला वाटलं सुविचार हाय. सुविचाराला हात जोडाया नको?"

म्हणजे ह्यांनी पहिल्या दिवसापासून वाळवणाचं मशीन घेतलं होतं. आणि पूर्ण गटात मशीन कशासाठी हाय हे न कळलेला एकच माणूस होता. तो विष्णुपुरीचा पदवीधर.

निकाल तिथंच लागला. अध्यक्ष मावशीच राहिली, कारण गटानं मशीन वाळवणासाठीच घेतलं होतं आणि वाळवण झालं, त्यात खोटं काय? चार डबे विकले, त्यात विठ्ठलचे हीटर विकत घेतले, उरलेले पैसे गटात जमा. औशाचा गटबी भागीदार झाला. आणि मला सहा महिने बिनपगारी पापड उलटायला ठेवलं. नवीन बाया आल्या की पारूकाकू ओळख करून देती, "हा आमचा इंजिनिअर. लई शिकलाय. पण उलटायला बरा हाय."

पाचवं मशीन मात्र ठेवलं. माझ्यावर दया म्हणून? न्हाई. काकू म्हणाली, "शेवयाला ह्याचीच मंद ऊब चांगली. पिल्लाच्या मशिनीवर तडकत्यात."

ते एकटं मशीन आता शेवयांसाठी बोंबलतं. मागच्या महिन्यात परत बंद पडलं. मी पोत्यात घालून नांदेडला नेलं. सलीमभाईनं खोललं. चिमट्यानं आतून एक लांबच लांब शेवई ओढली. ओढतच राहिला. संपली तेव्हा उजेडात धरली, बोटानं मोडली. कट्.

"घरची?" त्यानं विचारलं.

"हाव."

"कॉइन कितना आता इसमें?"

"माहीत न्हाई भाई. बघणं सोडलं."

त्यानं एक तुकडा चावून बघितला. मग म्हणाला, "शीरखुर्म्याला दोन किलो पायजेत. ह्याच्याहून बारीक जमती का?"

मी खिशातून पेन काढला आणि पोत्यावरच लिहून घेतलं. माझ्या मायनिंगच्या धंद्यात मी स्वतः आणलेली ती पहिली ऑर्डर.