सोपी ठरलेली नोटीस

सरकारी नोटीस समजली नाही, की तुम्ही स्वतःलाच अडाणी ठरवता ना? वसईजवळच्या वटार गावच्या हेमाताईंना याचाच राग यायचा. "कळलं नाही, तर लाज लिहिणाऱ्याला वाटू दे," असं म्हणत त्या कागद संगणकात घालायच्या. वाक्यं किती लांब, शब्द किती अनोळखी, हे मोजणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. अवघड मजकुराला लाल खूण, सोप्याला हिरवी.

मी चळवळीसाठी लिहिलेलं एक पत्रकही त्यांनी त्यात घातलं. पडदा लालभडक! "अरे क्रांतिकारका, कोळणी काय शब्दकोश घेऊन मासे विकतात?" मी चिडून विचारलं, "मग हिरवं झालं की काम संपलं?"

"छे! तो थर्मामीटर आहे, डॉक्टर नव्हे." म्हणून हिरवा झालेला मजकूरही त्या पाचूबंदरच्या मासळी लिलावात, बोली थांबली की, मोठ्याने वाचून दाखवत.

मग एका प्रभाग कार्यालयाने त्यांना नोटिसा सोप्या करायचं काम दिलं. एक नोटीस पाचूबंदरच्या कोळ्यांसाठी होती: धक्क्याच्या दुरुस्तीसाठी होड्या हलवायच्या होत्या. पानभर पसरलेलं एकच वाक्य ताईंनी मोडून लहान वाक्यं केली. होड्या कुठे लावायच्या, हरकत कधीपर्यंत नोंदवायची, सगळं स्पष्ट. तिथल्या साहेबांनी नेमकं तेवढंच गाळलं आणि नोटीस डकवली, तीही हरकतीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी. वर छापलं, 'संगणकाने सोपी ठरवलेली सूचना'.

ताईंनी ती लिलावात वाचली, तेव्हा मासे विकणारी मंगळामावशी ओरडली, "समाजलं गो बाय सगलं! पन होड्या लावू कुठं, तुझ्या वाडीत?" लोक हसले. ताई नाही हसल्या. मला घेऊन तडक कार्यालयात गेल्या.

"मॅडम, तुमचाच संगणक हिरवं दाखवतोय," साहेब म्हणाले.

"ताप नाही म्हणजे माणूस बरा, असं नसतं साहेब. मढंही थंडच असतं."

ताईंचं काम काढून घेतलं गेलं. कोळी हरकती घेऊन धावत पोहोचले, तोवर खिडकी बंद झाली होती. होड्या चिखलात ढकलल्या गेल्या. मंगळामावशी आज गुडघाभर गाळातून मासळीची पाटी आणते.

हेमाताई गेल्या वर्षी वारल्या. त्यांचा प्रोग्रॅम मात्र कार्यालयात अजून चालतो, हिरव्या खुणा छापतो. लोकांसाठी घडवलेलं माप लोकांच्याच डोळ्यांत धूळ फेकायला वापरतात हे!

म्हणून एक करा. उद्या तुमच्या प्रभाग कार्यालयात जा. भिंतीवरची कुठलीही नोटीस दाखवून साहेबांना म्हणा, "ही मोठ्याने वाचा, आणि मी आता नेमकं काय करायचं ते सांगा." सांगता आलं नाही, तर ती त्यांनाच, त्यांच्या हाताने, भिंतीवरून उतरवायला लावा.