कॅलेंडरवरच्या तांबड्या फुल्या

आमच्या नात्यात माझी एक गोष्ट सांगितली जाते. बायकोच्या दुखण्याची मी कॅलेंडरवर रोज नोंद ठेवली, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांना तिचा आजार सापडला. नव्या जावयांना ती मुद्दाम ऐकवतात. मी मान खाली घालून बसतो आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटतो. नोंद मी ठेवली हे खरं आहे. कशासाठी ठेवली, ते आज लिहितो.

उदगीरला माझी धान्याची आडत होती. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर दाणे काढायचे आणि माल कसा आहे ते सांगायचं, यात माझी चाळीस वर्षं गेली. वर चांगला माल आणि खाली माती, हे पहिल्याच हंगामात बघितलं. पुढे माणसांकडेही तसंच बघायची सवय लागली.

बायकोला पहिल्यांदा दुखलं ते पहाटे, अंथरुणात. घामाने उशी भिजली, जबडा दुखायला लागला, उलटी झाली. लातूरला नेलं. अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही, पण रक्ताच्या तपासणीत हृदयाला इजा झालेली दिसते, झटका येऊन गेलाय, गोळ्या चुकवू नका आणि पुन्हा दाखवायला या. मी यातलं पहिलं तेवढं ऐकलं. सळई आत गेली होती, दाणा स्वच्छ निघाला होता. माझ्या लेखी पोतं पास झालं.

घरी आल्यावर माझी थोरली बहीण, आमची अक्का, भेटायला आली.

"काय निघालं?"

"काही न्हाई. नळ्या साफ हायेत."

"मग मी यायचं कळलं की दुखतंय म्हण की," अक्का हसून म्हणाली.

बायको आत चहा करत होती. चहा उकळून उकळून अर्धा झाला, तरी ती बाहेर आली नाही.

अक्काचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं. ही बाई दुपारी गच्चीवर पाण्याच्या घागरी चढवते, दहा किलो ज्वारी निवडते, तेव्हा हिला काही होत नाही. आणि पहाटे पडल्या जागी दुखतं? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाच्या खुणा करायची. त्याच चौकटींत मी तांबड्या पेनाने फुल्या करायला लागलो. फुलीखाली बारीक अक्षरात लिहायचो. 'पहाटे. अक्का येणार होती.' 'पहाटे. आज भोकरच्या लग्नाला निघायचं होतं.' 'लेकीचा फोन आला, रडली, मग दुखलं.'

"काय लिहिताव?" तिने एकदा विचारलं.

"डॉक्टरला दाखवायला लागतंय."

डॉक्टरचा विचारही माझ्या मनात नव्हता. मला ते कॅलेंडर तिच्या भावापुढे टाकायचं होतं आणि म्हणायचं होतं, बघा तुमची बहीण कधी कधी आजारी पडते ते. पहाटे मी डोळे अर्धवट मिटून तिच्याकडे बघत पडायचो. ती छाती दाबून उठून बसायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि आवाज न करता पुन्हा आडवी व्हायची. मला वाटायचं, मी जागा आहे का ते बघतेय. एकदा तर अक्का येणार नसताना, ती उद्या येतेय असं मी सांगितलं. दुसऱ्या पहाटे दुखलं. मला आनंद झाला. हा शब्द मी विचार करून लिहितोय.

लातूरच्या गोळ्या तिने महिनाभरात बंद केल्या.

पुढे नांदेडला लेकीकडे नातीचं बारसं होतं. बायकोचा भाऊ येणार म्हणून मी कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घेतलं. बारशाच्या सकाळीच तिला पुन्हा झटका आला, पहिल्यापेक्षा मोठा. दवाखान्यात जुनी फाईल शोधताना लेकीने पिशवी उलटी केली आणि कॅलेंडर डॉक्टरांच्या टेबलावर गेलं. त्यांनी एकेक महिना उलटून सगळ्या फुल्या वाचल्या. मग म्हणाले, हेच हवं होतं. काही जणांची, त्यात बायका बऱ्याच, रक्तवाहिनी अधूनमधून आपोआप आवळते आणि पुन्हा सुटते. सुटल्यावर बघितलं तर साफच दिसते. बऱ्याचदा पहाटे होतं, मनावर ताण आला की होतं. पुढच्या तपासण्यांत तेच निघालं.

"कोणी लिहिलंय हे?" त्यांनी विचारलं होतं.

"ह्यांनी," खाटेवरून बायको म्हणाली. "माझी लई काळजी करतेत."

लेक माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून ती गोष्ट सगळीकडे फिरतेय.

संशय माझा गेला नाही, त्याने नुसती बाजू बदलली. बायकोला वाचता येतं. चौकटीतलं सगळं तिच्या डोळ्यासमोर होतं. मग ती तसं का म्हणाली? मला वाचवायला, की जन्मभर मान खाली घालून बसवायला? रोज सकाळी ती माझ्यासमोर गोळी घेते आणि मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करतो.

गेल्या महिन्यात लेकीच्या छातीत दुखलं. ती जावयांना म्हणाली, "अप्पांकडून शिका, त्यांनी कसं लिहून ठेवलं होतं." मग मात्र राहवलं नाही. इथवरचं लिहिलं आणि काल दुपारी बायकोला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. हात थांबला नाही.

"अक्काचं खोटं सांगितलेलं मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तिला फोन केला की मी. भाजी कोणती करू म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर त्याची बी फुली केली असती."

मग तिने सूप खाली ठेवलं. "एक चुकलंय तुमचं. गोळ्या मी कधी बंद केल्या? नळ्या साफ हायेत, गोळ्या कशाला, म्हणून तुम्ही डबा फडताळावर टाकला. माझा हात पुरत न्हाई तिथं."

मला ते आठवत होतं. लिहितानाही आठवत होतं.

वरचं ते वाक्य मी खोडलेलं नाही. लेकीला हे कागद देणार आहे, तिला ते तसंच दिसू दे. गोळ्या मी बंद केल्या.