लेकीसाठी केलेले लाडू

“तुमच्या लेकीचा बोन मॅरो मुलाला देता येणार नाही,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता. मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि थोरल्या बहिणीच्या हाडातला मगज त्याला जुळला होता. तिची हाडं भरावीत म्हणून मी तिला बाळंतिणीसारखे लाडू चारत होते. “ज्या दोषानं त्याला कॅन्सर झाला, तो जन्मापासूनचा आहे. तो लेकीच्या मगजातही निघाला. आता परका माणूस शोधावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. मी चिडले. “सख्खी बहीण असताना परक्याचं कशाला वो?” ते हळूच म्हणाले, “मावशी, तुमचंही रक्त तपासलं. दोष तुमच्याकडून दोघांत आलाय.” बाहेर आल्यावर लेक रडायला लागली. मुलगा म्हणाला, “ताई, तुझी ड्युटी गेली. आन ते लाडू हिकडं.” त्यानं एक फोडून अर्धा तिच्याच तोंडात कोंबला. परका माणूस सापडायच्या आत तो गेला. आमच्या पाथर्डीत थंडीत शेजारी डिंक तळतात, तेव्हा मी दार लावून घेते. लेक अजून धडधाकट आहे, पण ती रक्त तपासायला जाते तेव्हा मी फोनपाशी बसून राहते. माझ्याही रक्तात तोच दोष आहे. मला काही झालं नाही.