एकदाच वापरलेले लंगोट

हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या महादेवरावांच्या बार्शीटाकळीच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि प्रत्येक कामाला वेळ. विहिरीवरच्या धोंड्यावर तर केवळ त्यांचे पूजेचे सोवळे धुतले जाई. १९५८ च्या उन्हाळ्यात मुलगी रमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि या व्यवस्थेत लंगोट कुठे बसवावेत हा प्रश्न उभा राहिला. धोबी ते घेईना. महादेवरावांनी निकाल दिला: लंगोट भरला की मोलकरणीने तो मागच्या नाल्यात टाकून द्यावा.

कापडाची ददात नव्हती. रीतीप्रमाणे शेजारणी बाळासाठी जुनेरे आणून देत होत्या. भिंतीपलीकडच्या पार्बताबाईंनी आपले हिरव्या काठाचे लुगडे दिले. धुऊन धुऊन ते सायीसारखे मऊ झाले होते. त्याचेही तुकडे नाल्यात गेले. "गुरुजींचा नातू राजाच हाय, रोज नवं नेसते," असे पार्बताबाईंचे यजमान जानराव हसून म्हणत. धुणे मीच करते, असे रमा एकदा म्हणाली. ओल्या बाळंतिणीने पाण्यात हात घालू नये, असे सांगून वडिलांनी तिला गप्प केले. खरी अडचण धोंड्याची होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

वैशाखात चारा सरला आणि जानरावांची गाय कोरड्या नाल्यात तोंड घालत हिंडू लागली. रमाला दूध याच गायीचे येई. एका सकाळी गायीचे पोट फुगले, रवंथ थांबले. अकोल्याहून ढोरांचे डॉक्टर येईतो ती गेली होती. डॉक्टरांनी पोट चिरून कापडाचा भलामोठा गोळा बाहेर काढला. जमलेल्या लोकांत महादेवरावही होते.

पार्बताबाईंनी वाकून गोळ्यातला हिरवा काठ बोटांनी उलगडला.

"हे तं माहं लुगडं व्हय, गुरुजी. एकडाव तरी धुतलं असतं."

"दोरीवरून वाऱ्याने उडाले असेल," महादेवराव म्हणाले.

खोटे बोलणाऱ्या पोरांना जन्मभर छड्या मारणाऱ्या माणसाच्या तोंडून ते सहज निघून गेले. जानरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "असन. वारा लय हाय यंदा," असे म्हणून त्यांनी लोकांना वाटेला लावले. खोटे कळूनही जानरावांनी आपली अब्रू झाकली, हेच महादेवरावांना सोसेना.

घरी रमा लंगोट घेऊन सोवळ्याच्या धोंड्यापाशी बसली होती. तिने वर पाहिले नाही. त्यांनी तिला उठवले, धोतर खोचले आणि स्वतः घासायला बसले. गल्लीतली माणसे थबकून पाहत होती. ठेंगण्या भिंतीपलीकडे पार्बताबाई पेजेत बोट बुडवून गायीमागे उरलेल्या वासराला चाटवत होत्या.

"पार्बताबाई," ते मान खाली घालूनच म्हणाले, "वारा नव्हता. मीच टाकायला लावले."

पार्बताबाईंनी बोट पुन्हा पेजेत बुडवले, आणि वासराला घेऊन त्या त्यांच्याकडे पाठ करून बसल्या.