पाकिटावरची विमला

फोंडाघाटच्या बाजारातलं सत्यवानचं दुकान मूळचं त्याच्या बापाचं, सुक्या मासळीचं. घाटावरचे व्यापारी खाली उतरले की पहिली पेठ हीच, म्हणून म्हाताऱ्याने मालवण सोडून इथे बस्तान मांडलं होतं. सत्यवानला मासळीचा वास सोसेना. त्याने फुग्यांचा धंदा धरला. मुंबईहून सुटे फुगे पोत्यांतून येत. मागच्या खोलीत ते वजनावर मोजून शंभर-शंभरचे पुडे बांधायचे आणि रेडीपासून नांदगावपर्यंतच्या दुकानदारांना नि जत्रेतल्या फेरीवाल्यांना घाऊक द्यायचे.

पुडे बांधायची ती त्याची बायको, विमला.

विमला मालवणच्या मासळीबाजारात वाढलेली. तिची आई काशीबाई तीस वर्षं तिथे एकाच जागेवर बसून मासे विकत होती, आणि लग्नाआधी विमलाही तिच्या शेजारी बसायची. गिऱ्हाइकाने सुरमईला नावं ठेवली तर त्याला हसवत हसवत तीच सुरमई त्याच्या पिशवीत घालायची. अशी बाई बारा वर्षं फोंडाघाटच्या या मागच्या खोलीत फुगे मोजत बसली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या गिरणीच्या भिंतीवर उघडणारी. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावलेली पांढरी पावडर तिच्या भुवयांवर बसायची. मूलबाळ नव्हतं. सत्यवान तसा भला माणूस, कधी हात उगारला नाही की वावगं बोलला नाही. पण दिवसभर तो पुढे दुकानात, आणि ती मागे.

२००१ सालच्या पावसाळ्यात काशीबाईचे गुडघे धरले. तिने शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप दिला. आपल्याला आता बाजारात बसवत नाही, तू येऊन जागा धर, नाहीतर दुसरी कोणी बसेल. आठवड्यातले चार दिवस मालवणला राहायचं, तीन दिवस फोंडाघाटला येऊन पुडे बांधायचे, असा हिशोब विमलाने मनाशी जुळवला. आईला तिने कळवूनही टाकलं, "पुढच्या म्हयन्यात येतंय." सत्यवानला सांगायचं तेवढं राहिलं होतं. तो त्या दिवसांत सारखा कोल्हापूरला जात होता आणि विचारलं तर नुसता हसत होता.

एका सकाळी दारात टेम्पो लागला. त्यातून गोण्यामागून गोण्या उतरल्या. सत्यवानने पहिली गोणी फाडली आणि आतली छापील पिशवी तिच्या हातात ठेवली. गुलाबी रंगावर मोठ्या अक्षरांत 'विमला फुगे', आणि खाली तिचाच हसरा चेहरा, लग्नातल्या फोटोतला. आता सुटे पुडे बंद, स्वतःच्या नावाचं पाकीट. कोल्हापूरचा छापणारा दोनशे किलो प्लॅस्टिकच्या खाली हात लावत नव्हता, म्हणून सत्तर हजार पिशव्या एकदम छापून घेतल्या होत्या.

विमलाने पिशवी उलटसुलट केली. "तुमी माका इचारूक नाय," ती म्हणाली.

सत्यवानला तो लटका राग वाटला. लोक लेकीचं नाव देतात, तो म्हणाला. "आपल्याक तूच आसस."

हे त्याने फार मायेने म्हटलं. वर्षभर मनात धरून त्याने हे केलं होतं. अशा माणसाला आजच, याच घटकेला, मी चालले असं कसं सांगायचं? उद्या सांगू, म्हणून तिने ते पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी दुकानदारांच्या मागण्या आल्या, नंतर जत्रा लागल्या. पाकीट देखणं होतं, खप दुप्पट झाला. ती पहाटेपासून स्वतःच्याच चेहऱ्यात फुगे भरू लागली. काशीबाईने दोनदा निरोप पाठवला. तिसरा आला नाही.

तीन वर्षांनी आईच्या आजारपणासाठी ती मालवणला गेली, तेव्हा बाजारात डोकावली. आईच्या जागेवर सावित्री नावाची बाई बसली होती. तिने विमलाला लगेच ओळखलं, कारण समोरच्या दुकानावर पाकिटांची माळच लटकत होती. "तुझा बरा आसा गो," ती म्हणाली, "सावलीत बसून नाव कमवलंस."

विमलाने तिच्याकडून बांगडे घेतले, भावही केला नाही.

पिशव्या संपल्या की सांगायचं, असं तिने ठरवलं. पण पिशव्या संपायच्या आधीच सत्यवान पुढची मागणी देऊन मोकळा व्हायचा. काशीबाई गेली. मग जायला जागाही उरली नाही, कारणही उरलं नाही.

२००८ मध्ये सत्यवानचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि नव्या पिशव्यांचा नमुना पसंत करायला विमलाला एकटीला कोल्हापूरला जावं लागलं. छापखान्यात मशीन सुरू होतं. प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्यावरून तिचे चेहरे एकामागून एक सरसर पळत होते, सगळे बावीस वर्षांचे. ती स्वतः चाळिशी ओलांडून गेली होती. कारखानदाराने नमुना पुढे सरकवला आणि सहीसाठी बोट दाखवलं.

"यातला फोटो काढता येईल का?" तिने विचारलं.

येईल, तो म्हणाला. त्यासाठी छपाईचे नवे सिलिंडर कोरावे लागतील, चार आठवडे जातील. नावही बदलायचं का, असंही त्याने विचारलं. नाव बदललं तर दुकानदार माल ओळखणार नाहीत, हे विमलाला सत्यवानइतकंच ठाऊक होतं. नाव राहू द्या, ती म्हणाली. फोटोच्या जागी तीन फुगे घाला.

महिन्याने माल आला. सत्यवानने पिशवी उजेडाला धरली. त्याला लागलं, हे तिला दिसलं. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"लोक इचारतले," तो हळूच म्हणाला, "बाई खंय गेली म्हणून."

"सांगा, हंयच आसा."

तो आणखी काही विचारील म्हणून ती क्षणभर थांबली. त्याने विचारलं नाही. पिशवीची घडी घालून तो पुढे दुकानात गेला. विमलाने गोणी ओढत मागच्या खोलीत नेली आणि तराजू पुढे घेतला.