हात मित्राचा गेला, दुखणं मामाला

एकाहत्तरच्या लढाईत माझा मामा आणि त्याचा मित्र एकाच तोफगोळ्याने जखमी झाले. मित्राचा डावा हात कोपरापासून गेला. मामाच्या मांडीत घुसलेले तुकडे काढले, जखम भरली. पुढे दहा-बारा वर्षांनी मी फिजिओथेरपी शिकायला लागले, तरी मामाचा पाय अजून निखाऱ्यासारखा जळायचा. मित्र मात्र ठणठणीत.

मामा मुलुंडला आमच्याकडेच राहायचा. मित्र भांडुपच्या कारखान्यात होता. दर रविवारी यायचा आणि एका हाताने कॅरममध्ये आम्हा सगळ्यांना हरवायचा.

"हात गेला ह्याचा आणि कण्हतोय मी," मामा म्हणायचा. 'नाटकं करतो' असं नात्यातलं कुणीतरी बोललं होतं. ते त्याला फार लागलं होतं.

शेवटी मी दोघांना आमच्या कॉलेजातल्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, "जखमी झाल्यावर दुखणं थांबवायचं इंजेक्शन कधी मिळालं?"

"मला तासाभरात," मित्र म्हणाला. "हात तुटला म्हणून मला आधी उचललं. हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खंदकात पडून होता."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"झोप किती लागते?"

"तीन तास," मामा म्हणाला.

"मनातलं कुणाशी बोलता?"

मामाने मानेनेच नाही म्हटलं.

बाई म्हणाल्या, "जखम मोठी म्हणून दुखणं टिकतं असं नाही. शीर दुखावली, सुरुवातीला वेदना आवरली नाही, झोप उडाली, माणूस आतल्या आत कुढत राहिला, की ते मुक्काम ठोकतं. खंदकातला तो दिवस मला पुसता येणार नाही. झोपेचं आणि बोलण्याचं बघू."

"म्हणजे नाटक नाही ना?"

"अजिबात नाही."

मामा इतका खूश झाला, की बाहेर पडताच त्याने आम्हाला मिसळ खाऊ घातली.

मग गोळ्या, व्यायाम आणि रोज संध्याकाळी मित्राबरोबर फेरफटका. दोघं काय बोलायचे, ते आम्ही कधी विचारलं नाही. काही महिन्यांनी एके सकाळी सात वाजले तरी मामा उठेना. आईने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"गो, झोपलोय नुसता," तो म्हणाला.

दुखणं पुरतं गेलं नाही. पण त्या हिवाळ्यात आम्ही कान्हेरीची लेणी बघायला गेलो, तेव्हा मामा थांबत थांबत सगळ्या पायऱ्या चढला.

"दुखतंय काय रे?" वर पोचल्यावर काकडी खात मित्राने विचारलं.

"दुखतंय ना. पण ती काकडी आधी इकडे दे."